व्हीलचेअरचे तीन प्रकार तुमच्या मसुद्यात नाहीत : अभ्यासक्रम समितीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
प्रवास व पर्यटन व्यवसाय शिक्षण अभ्यासक्रम समिती

स. न. वि. वि.

चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही केलेला प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा मसुदा मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण पर्यटन हा विषय शाळेच्या वयात, हाताला काम देणारा विषय म्हणून शिकवावा, असं आमच्यासारखी माणसं कित्येक वर्षं म्हणत होती. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. तिसऱ्या प्रकरणापर्यंत खुणा केल्या आणि मग पेन्सिल खाली ठेवली. चुका असत्या तर दुरुस्त करता आल्या असत्या. इथे जे हवं तेच नाही, तिथे खूण कशावर करायची?

मुदतीत लेखी हरकत पाठवली. उत्तर आलं, 'आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.' पुढच्याच आठवड्यात कळलं की मसुदा आहे तसा अंतिम मंजुरीला जातो आहे. म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर.

आधी माझं नातं सांगते. बावीस वर्षं मी तिकिटाच्या काउंटरवर आणि सहलींच्या नियोजनात काढली. गेली सहा वर्षं याच विषयाच्या एका प्रायोगिक वर्गावर शिकवते आहे. मुलं पंधरा-सोळा वर्षांची. तुमचं प्रमाणपत्र घेऊन जी मुलं बाहेर पडतील ती मी सोडलेल्या खुर्चीवर बसणार आहेत. त्या खुर्चीवर पहिल्या दिवशी काय समोर येतं, ते मला ठाऊक आहे. मसुदा लिहिणाऱ्यांपैकी कुणी तिथे बसलं होतं का, हे मसुद्यावरून कळत नाही. (एका बैठकीला मला बोलावलं होतं, हे मान्य. दहा मिनिटं मिळाली, त्यातली चार प्रोजेक्टर सुरू होण्यात गेली.)

पहिली तक्रार सगळ्यात मोठी आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

वर्गात आम्ही फोनचा सराव करतो. मी ग्राहक होते, एक विद्यार्थी काउंटरवर. गेल्या वर्षी एका मुलीला मी म्हटलं, "वडिलांचं वय ऐंशी आहे, त्यांना व्हीलचेअर लागेल." तिने वहीत 'व्हीलचेअर' लिहिलं आणि हसून म्हणाली, "हो मॅडम, झालं." मी विचारलं, काय झालं? विमान कंपनीकडे नुसती 'व्हीलचेअर' अशी मागणी जातच नाही. या मागणीला तीन संकेत आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस जिना चढू शकतो, आसनापर्यंत चालू शकतो, फक्त लांबचं चालणं जमत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, पण विमानाच्या आत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट आसनापर्यंत न्यावं लागतं. चुकीचा संकेत टाकला, की जिना न चढू शकणारा म्हातारा माणूस शिडीच्या पायथ्याशी उभा राहतो आणि मागे शंभर माणसं खोळंबतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्या दिवशी तो संकेत माझ्याच हाताने टाकलेला होता.

पुढच्या आठवड्यात तीच मुलगी, तोच प्रसंग. या वेळी मी बोलायच्या आत तिने विचारलं, "बाबांना जिना चढता येतो का? थांबत थांबत चढतात की अजिबातच नाही?"

तुमच्या मसुद्यात 'विशेष गरजा असलेले पर्यटक' या शीर्षकाखाली दीड ओळ आहे. 'अशा पर्यटकांशी संवेदनशीलतेने व आपुलकीने वागावे.' आपुलकी हवीच हो. पण ती मुलगी आधीही आपुलकीनेच बोलत होती.

असंच नावाचं. पासपोर्टच्या तळाशी मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीत देशाच्या संकेतानंतर आधी आडनाव, मग दोन रिकाम्या जागांच्या खुणा, मग स्वतःचं नाव. हे एकदा दाखवलं की मुलं घरातले पासपोर्ट उघडून बसतात आणि कुणाच्या नावात काय गडबड आहे ते शोधून आणतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे, एवढं एक वाक्य मसुद्यात कुठेही नाही.

तारखेचं तसंच. ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल? अमेरिकेत पाच एप्रिल, बाकी बऱ्याच जगात चार मे. म्हणून तिकिटावर महिना अक्षरांत लिहितात. चोवीस तासांचं घड्याळ. रात्री बारा वाजून दहा मिनिटांचं विमान म्हणजे घरून निघायचं आदल्या रात्री, हे न कळल्यामुळे एक अख्खं कुटुंब एक दिवस उशिरा विमानतळावर पोचलेलं मी पाहिलं आहे. विमानतळांचे तीन अक्षरी संकेत. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसं एक सिडनी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. एकाचा संकेत एसवायडी, दुसऱ्याचा वायक्यूवाय. २००२ साली ऑस्ट्रेलियाला निघालेलं एक ब्रिटिश जोडपं खरोखरच कॅनडातल्या सिडनीत जाऊन उतरलं होतं. ही गोष्ट सांगितल्यावर वर्गाला संकेत पाठ करा म्हणावं लागत नाही.

वेळेतल्या फरकाची गणितं तर मुलांना खेळासारखी आवडतात. नेपाळची वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा पावणेसहा तासांनी पुढे, हे ऐकून त्यांना पाऊण तास कुठून आला, असा प्रश्न पडतो. टोकियोहून संध्याकाळी निघालेला माणूस तारीखरेषा ओलांडून हवाई बेटांवरच्या होनोलुलूला त्याच दिवशी सकाळी पोचतो. प्रशांत महासागरातल्या सामोआ देशाने २०११ साली तारीखरेषेची बाजू बदलली आणि तिथे ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही. "मग त्या दिवशी ज्यांचं हॉटेलचं बुकिंग होतं त्यांचं काय?" असं एका मुलाने विचारलं होतं. पर्यटनाचा याहून चांगला प्रश्न मला तुमच्या नमुना प्रश्नपत्रिकेत सापडला नाही. तिथे पहिला प्रश्न आहे, 'पर्यटन म्हणजे काय ते सांगून त्याची कोणतीही पाच वैशिष्ट्ये लिहा.'

मी मागते आहे ते कुठे होतच नाही, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत दहावी ते बारावीला पर्यटन हा निवडीचा विषय आहे. त्यात वेळेच्या फरकाची आणि परकीय चलनाची गणितं आहेत, सहलीचं नियोजन आहे आणि वेगळं प्रात्यक्षिकही आहे. चलनाचा धडा तर आपल्याकडेही सहज बसेल. बँक विकते तो दर आणि बँक विकत घेते तो दर, यांत पहिल्या खेपेला सगळी मुलं हमखास उलट करतात. तिसऱ्या खेपेला करत नाहीत.

दुसरी तक्रार इतिहासाची. मसुद्यात थॉमस कुक आहेत, संघटित सहलींच्या व्यवसायाचे जनक मानले जाणारे इंग्रज. ५ जुलै १८४१, लेस्टरहून लफबरोपर्यंत रेल्वेने नेलेली सुमारे पाचशे माणसं, दारूबंदीची सभा, सगळं व्यवस्थित दिलं आहे आणि त्यावर चार गुणही आहेत. पण त्यांच्याच नावाची सहल कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली, हे मात्र नाही. एका रात्रीत दीड लाखाच्या वर ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले आणि त्यांना परत आणण्याचं काम तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाला अंगावर घ्यावं लागलं. ते परत येऊ शकले, कारण सहल विकणाऱ्याने ग्राहकाच्या पैशाला संरक्षण द्यायचं, अशी व्यवस्था ब्रिटनमध्ये १९७३ पासून आहे.

माझ्या दृष्टीने या विषयातला सगळ्यात गंभीर धडा हा आहे. आमच्या व्यवसायात माणूस आज पैसे देतो आणि वस्तू त्याला चार महिन्यांनी मिळते. मधल्या काळात ते पैसे कुणाच्या खात्यात असतात? रद्द केलं तर किती परत मिळतात, ते कोण सांगतं, लेखी देतं का? आगाऊ रक्कम घेताना सतरा वर्षांच्या मुलाने कुठली पावती द्यायची आणि कुठलं आश्वासन तोंडून काढायचंच नाही? '१८४१' हे उत्तर पाठ झालेल्या मुलाला यातलं काहीही येत नसेल, तर तो काउंटरवर बसायला तयार झालेला नाही. आणि फसवणूक झालीच, तर समोरच्या ग्राहकाला मालक दिसत नाही, तो मुलगा दिसतो. शिव्या तो खातो.

तिसरी तक्रार थोडक्यात. मसुद्याचा सूर जाहिरातपत्रकाचा आहे. पर्यटनाने रोजगार येतो, परकीय चलन येतं, संस्कृतींची ओळख होते. हे खरं आहेच. पण फिलिपाइन्सला २०१८ साली बोराकाय हे अख्खं बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं. त्याच वर्षी थायलंडने माया बे ही प्रसिद्ध खाडी बंद केली, ती २०२२ च्या जानेवारीत उघडली. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावलं. ठिकाणं कशी शोधली जातात, भरतात, थकतात आणि मग सावरतात किंवा संपतात, याचं रिचर्ड बटलर यांनी १९८० साली मांडलेलं आयुष्यचक्र जगभर शिकवलं जातं. पंधराव्या वर्षी समजायला ते अवघड नाही. उलट मुलांना ते पटकन दिसतं, कारण त्यांनी त्यांच्या ओळखीची एखादी जागा तशी बदलताना पाहिलेली असते.

चौथ्या मुद्द्यावर मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

मसुद्यात 'कार्यानुभव' सहा आठवड्यांचा आहे. 'वेळ व कामाचे स्वरूप आस्थापनेच्या सोयीनुसार राहील,' असं वाक्य आहे. या वाक्याचा अर्थ मला माझ्या एका विद्यार्थ्याने शिकवला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आमच्या प्रायोगिक वर्गाकडून एका हॉटेलात सहा आठवडे गेला. परत आल्यावर त्याची नोंदवही माझ्याकडे तपासायला आली. 'आज काय शिकलात' या रकान्यात छत्तीस दिवस एकच शब्द होता, 'ग्राहकसेवा'. एकच पेन, एकच तिरकस अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मी त्याला जवळ बसवून विचारलं. तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी सरांनी सगळी एकदम लिहून घेतली." मग हळूहळू बाकीचं कळलं. चार आठवडे टॉवेलांच्या घड्या आणि सामान उचलणं, शेवटचे दोन आठवडे रात्रपाळी. एकटा.

टॉवेलाची घडी हलकं काम आहे, असं मी म्हणत नाही. खोल्या आवरणं हे कसबाचं काम आहे. एक खोली किती वेळात व्हायला हवी, चादर कशी ओढायची, पाहणी करणारा पहिल्यांदा कुठे बोट फिरवतो, हे शिकवणारं कुणी शेजारी असतं, तर त्या मुलाचे सहा आठवडे सोन्याचे झाले असते. त्याच्या शेजारी कुणी नव्हतं. तो शिकाऊ नव्हता, फुकट मिळालेला माणूस होता. आणि चूक त्या हॉटेलाची जेवढी, तेवढीच आमची. महिना उलटून गेला तरी त्याला भेटायला आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

जर्मनीत प्रवास व्यवसायाचं शिकाऊ प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं. मूल कंपनीत आणि व्यवसाय शाळेत असं दोन्हीकडे शिकतं, त्याच्याशी करार होतो, त्याला वेतन मिळतं आणि शेवटची परीक्षा कंपनी स्वतः घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेतं. एवढी यंत्रणा उद्या उभी राहणार नाही, हे मलाही कळतं. पण आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा नैतिकतेला धोका असलेल्या कामासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारात किमान वय अठरा धरलं आहे. रात्रीच्या हॉटेलात एकटा बसवलेला सोळा वर्षांचा मुलगा कुठे बसतो, ते समितीने सांगावं. प्रवास व्यवसायात मुलांचं लैंगिक शोषण होऊ नये म्हणून १९९०च्या दशकापासून जगभरातल्या हॉटेलांनी आणि सहल कंपन्यांनी स्वीकारलेली एक आचारसंहिता आहे. कर्मचाऱ्यांना धोका ओळखायला शिकवणं हा तिचाच भाग. आपण तर मुलांनाच कर्मचारी म्हणून पाठवतो आहोत आणि मसुद्यात या विषयाचा उल्लेखही नाही. त्रास झाला तर मुलाने कुणाला फोन करायचा, तेवढा एक नंबरही नाही.

पाचवी गोष्ट, प्रमाणपत्राचं पुढे काय? इंग्लंडमध्ये २०११ साली ॲलिसन वुल्फ यांनी सरकारसाठी व्यवसाय शिक्षणाचा आढावा घेतला. सोळा ते एकोणीस वयाच्या किमान साडेतीन लाख मुलांना त्या शिक्षणातून फारसं काहीच मिळत नाही, असा त्यांचा अंदाज होता. शाळा सोप्या प्रमाणपत्रांकडे मुलांना वळवत होत्या, कारण शाळांच्या कामगिरीच्या क्रमवारीत त्या प्रमाणपत्रांचं वजन भारी धरलं जात होतं. नोकरी देणाऱ्याच्या लेखी त्यांना किंमत नव्हती. भाषा आणि गणित कच्चं राहिलेल्या मुलांना ते विषय पुढेही शिकवलेच पाहिजेत, अशी त्यांची एक ठाम शिफारस होती. तुमच्या मसुद्यात गणिताला 'पर्यायी' म्हटलं आहे. गणित सोडून पर्यटन घेणाऱ्या मुलाला आपण सवलत देत नाही, त्याचं पुढचं दार लावून घेतो.

आणि हे दार उघडं असायलाच हवं, कारण हा व्यवसाय एका रात्रीत कोसळतो. २०१९ मध्ये जगात सुमारे दीडशे कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घसरली. त्या वर्षी माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी ज्यांना हिशेब येत होता, दुसरी भाषा येत होती, त्यांनी दुसरीकडे काम शोधलं. ज्यांना फक्त आमच्याच धंद्यातलं येत होतं, ते घरी बसले.

शिक्षकांबद्दल फार लिहीत नाही. भूगोलाच्या शिक्षकाकडे हा विषय 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून द्यायचा आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण करायचं, यावर मी काय म्हणणार! निदान त्या दोन दिवसांपैकी एक दिवस एखाद्या काउंटरमागे घालवू द्या.

आता मागण्या.

मसुदा आहे तसा मंजूर करू नका. सहा महिने थांबवा. फेरविचार करणाऱ्या गटात प्रत्यक्ष काम करणारी माणसं घ्या. तिकीट काढणारा, हॉटेलच्या स्वागतकक्षातला, सहलीबरोबर जाणारा आणि हा विषय शिकून बाहेर पडलेला किमान एक विद्यार्थी. हे सगळे एकदाच 'निमंत्रित' म्हणून नकोत, सदस्य म्हणून हवेत.

लेखी परीक्षेला शंभरपैकी ऐंशी गुण ठेवले आहेत, ते निम्म्यावर आणा. उरलेले गुण प्रात्यक्षिकाला द्या आणि त्यात मुद्दाम चुका पेरलेलं एक बुकिंग ठेवा. नाव जुळत नाही, पारपत्राची मुदत प्रवासानंतर सहा महिने उरत नाही, मधल्या थांब्याला व्हिसा लागतो, दोन विमानांमधला वेळ पुरत नाही. मुलाने चुका शोधाव्यात आणि मग ग्राहकाला फोन करून त्या समजावून सांगाव्यात. तपासणारा बाहेरचा असावा.

कार्यानुभवाला लेखी करार, ठरलेले तास आणि विद्यावेतन हवं. अठराच्या आतल्या मुलाला रात्रपाळी नाही, याला अपवाद नको. दर आठवड्याला शाळेतून कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन मुलाला भेटावं, आणि आस्थापनेच्या माणसांसमोर नव्हे, बाजूला घेऊन. नोंदवही रोज मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावी. 'ग्राहकसेवा' हा शब्द त्या रकान्यात वापरायला बंदी केलीत तरी माझी हरकत नाही.

गणित आणि दोन भाषा सक्तीच्या करा. ग्राहकाच्या पैशाचं संरक्षण हे स्वतंत्र प्रकरण करा. आणि मंजुरीच्या आधी हे लेखी जाहीर करा की हे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाला पुढे कुठल्या पदवीला प्रवेश मिळेल आणि त्याचे किती श्रेयांक धरले जातील. विद्यापीठांशी ते बोलणं झालेलं नसेल, तर ते आधी करा. पहिल्या तुकडीच्या पालकांना दोन वर्षांनी 'प्रक्रिया सुरू आहे' हे उत्तर मिळता कामा नये.

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक नको, जाहीर हवं.

आमचा वर्ग मंगळवारी दुपारी भरतो. येत्या मंगळवारी पुन्हा फोनचा सराव आहे. समितीतल्या कुणीही यावं आणि ग्राहक व्हावं. मुलं तयार आहेत. फक्त येताना पासपोर्ट बरोबर आणा, नाव त्यावर जसं आहे तसंच विचारलं जाईल.

आपली,
काउंटरवरून वर्गात आलेली एक शिक्षिका